काचेच्या दिव्यातला आवाज



आपल्या जिल्ह्यात आवाजाची गोष्ट गंगाखेडच्या जनाबाईपासून सुरू होते. जात्यावर दळता दळता तिनं गायलं आणि सातशे वर्षांनंतरही आपण तिला आळवतो. पण बाईनं ओवी गायची ती घरात, जात्याशी, ही रीत पुढं फार वर्षं टिकली. चौकात आवाज कुणाचा? ज्याचा गळा मोठा त्याचा. कीर्तनकार, शाहीर, दवंडी देणारा. आणि ते बहुतेक पुरुषच.

हा हिशेब विजेनं बदलला. आज आम्ही ज्या यंत्राची गोष्ट सांगणार आहोत, त्याचा त्यात मोठा हात आहे. ते म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर. आत्ताच ही गोष्ट का, तर आपल्या मुली आता पेटी-टाळाबरोबर गिटारही हातात घेऊ लागल्यात. जुन्या रॉक गाण्यांतला तो जाड, थोडा फाटलेला, तरी कानाला गोड लागणारा सूर त्यांना हवा असतो. तो जुन्या व्हॉल्व्हच्या सेटमधून निघतो असं कळलं की सेकंडहँड सेटची शोधाशोध सुरू होते. पैसा कष्टाचा असतो. वस्तूचा इतिहास ठाऊक असला तर तो वाया जात नाही.

१९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह बनवला. दोन वर्षांनी अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तारेची एक जाळी बसवली. हवा काढून घेतलेली काचेची नळी, तिच्यात तापलेली तार, समोर पत्रा आणि मधे ही जाळी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं दार डोळ्यांपुढं आणा. चाक फिरवतो एकटा माणूस, पण त्याच्या हातानं केवढं पाणी कमी-जास्त होतं! जाळीवर आलेला बारीक सूर अगदी तसाच मोठ्या विजेला वळवतो. बारीक आवाज मोठा होतो तो असा.

या आवाजाची गिटारशी गाठ पडली त्यात एका बाईचा मोठा वाटा आहे. तिचं नाव सिस्टर रोझेटा थार्प. १९१५ साली अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात ती जन्मली. गावाचं नाव कॉटन प्लांट, म्हणजे कपाशीचं झाड. आई-वडील कृष्णवर्णीय, कापूस वेचून पोट भरणारे. आई चर्चमध्ये गायची, मँडोलिन वाजवायची. तिच्या मागं मागं रोझेटा चार वर्षांची असल्यापासून गिटार घेऊन गाऊ लागली. पुढं तिनं विजेवरची गिटार घेतली आणि ॲम्प्लिफायरला लावून देवाची गाणी अशी दणक्यात वाजवली की चर्चमधली काही माणसं नाराज झाली आणि बाहेरची माणसं गर्दी करू लागली. तिचं १९४४ सालचं एक रेकॉर्डिंग रॉक संगीताच्या पहिल्यावहिल्या गाण्यांत धरलं जातं. १९६४ साली इंग्लंडच्या मँचेस्टरमध्ये एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात ती टीव्हीसाठी गायली. १९७३ साली ती वारली. रॉक संगीताच्या सन्मान-दालनात तिचं नाव लागलं ते २०१८ साली, पंचेचाळीस वर्षांनी. तोवर हा आवाज पोरांचाच, असं जग समजत राहिलं.

पोरांनीही त्यात भर घातली, ती खरीच. लंडनमध्ये ड्रमचं दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी अमेरिकेच्या फेंडर कंपनीचा सेट समोर ठेवून १९६२ साली आपला पहिला सेट तयार केला. वाजवणाऱ्यांना एक गंमत कळली होती. व्हॉल्व्हच्या सेटचा आवाज त्याच्या ताकदीपलीकडं नेला की सूर एकदम तुटत नाही. सांडव्यावरून पाणी उतरावं तसा मऊ होऊन वाकतो. हाच तो रॉकचा सूर.

आपल्याकडं हेच यंत्र भोंग्यासोबत आलं. जत्रा, उरूस, लग्न, निवडणूक, भीमजयंती, जिथं माणसं जमली तिथं भोंगा. जिथं वीज पोचली नव्हती तिथं गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर सेट चालायचा. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली सुरू झाली आणि पुढं व्हॉल्व्ह देशातच बनू लागले. तिथले ईएल-८४ जातीचे व्हॉल्व्ह परदेशातले गिटारवाले आजही शोधत असतात. माईक आला तसा बारीक गळ्याच्या बाईचा आवाजही मैदानाच्या टोकापर्यंत पोचू लागला. गळा मोठा असण्याची अट गेली. माईक हातात मिळण्याची अट मात्र राहिली.

१९४७ साली अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. हळूहळू हलके, न तापणारे सेट आले आणि काचेचे सेट माळ्यावर नाहीतर भंगारात गेले. आज सेकंडहँड म्हणून समोर येतात त्यांत हे भोंग्याचे जुने सेटही असतात आणि परदेशी बनावटीचे गिटारचे सेटही. आता घेताना काय बघायचं ते ऐका.

पहिलं, भोंग्याचा सेट आणि गिटारचा सेट यांतला फरक ओळखा. भोंग्याच्या सेटवर गिटार वाजते, पण भोंग्यातून नको, खालचे सूर मरतात. बारा इंची कागदी पडद्याचा स्पीकर लागतो, आणि सेटच्या मागं आठ किंवा सोळा ओहमची जोडणी असावी लागते.

दुसरं, वॅटला भुलू नका. व्हॉल्व्हचा पंधरा-वीस वॅटचा सेट खोलीला आणि छोट्या सभागृहाला भरपूर होतो. शंभर वॅटच्या सेटमधून तो वाकलेला सूर काढायचा तर गल्ली जागी होईल.

तिसरं, अर्धा तास वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आतली तार नारिंगी दिसली तर चांगलं. तिच्याभोवतीचा पत्रा लाल झाला तर सेट बिघडलेला आहे. सतत घूंऽ असा आवाज येत असेल तर बहुधा जुने कपॅसिटर सुकलेत. बटण फिरवताना खरखर होत असेल तर तो किरकोळ दोष, साफ करून जातो. जळका वास आला आणि ट्रान्सफॉर्मर गेला असं निघालं तर मात्र तो खर्च मोठा. व्हॉल्व्ह बदलता येतात. आता ते मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियात बनतात, म्हणून स्वस्त नसतात. तो खर्च आधीच धरा.

चौथं सगळ्यांत महत्त्वाचं. सेट घरी उघडू नका. आत तीनशे-चारशे व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती जीव घेऊ शकते. दोन पिनांची जुनी वायर असेल तर जाणत्या कारागिराकडून तीन पिनांची, अर्थिंगची करून घ्या, मगच लेकीच्या हातात द्या. आणि स्पीकर जोडल्याशिवाय सेट कधीच सुरू करायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जळतो.

एवढं जमत नसेल तर ट्रान्झिस्टरचा छोटा सेट घ्यायला काही कमीपणा नाही. तो हलका, स्वस्त आणि कमी कटकटीचा. शिकायला तेवढा पुरतो.

दुकानात जाताना मात्र वाजवणारीला सोबत न्या. बाप, भाऊ, दुकानदार ठरवतील आणि ती मागं उभी राहील, असं नको. गिटार तिनं लावावी, बटण तिनं फिरवावं, कान तिचे. सेट मोठा की लहान, काचेचा की ट्रान्झिस्टरचा, हे नंतरचं. रोझेटाचं नाव लागायला पंचेचाळीस वर्षं गेली. आपल्या मुलींना एवढी वाट बघायला लावू नये. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर वाजवायला बंदी आहे, तेवढी तिला सांगून ठेवा. बाकी दिवसभर वाजवू द्या.