दप्तरांत राहिलेला निबंध

शास्त्रीय नियतकालिकाकडे निबंध पाठवावयाचा म्हणजे काय करावयाचें, असें कोणी विचारलें तर बहुतेक लोक सांगतील कीं, विषय पक्का करावा, लेखन शुद्ध करावें, आकृत्या व कोष्टकें जागच्या जागीं लावावीं आणि संपादकांकडे धाडून द्यावें. हें सारें खरेंच आहे. परंतु निबंध लिहून होणें आणि तो विद्वानांच्या सभेंत रुजू होणें, ह्या दोहोंमध्यें केवढें अंतर असूं शकतें, ह्याची कल्पना एवढ्यानें येत नाहीं. तें अंतर एका निबंधाच्या बाबतींत सत्तेचाळीस वर्षांचें ठरलें. आणि तो निबंध आपल्या मुंबई शहरांतून गेलेला होता. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जॉन जेम्स वॉटर्स्टन हा गृहस्थ १८११ सालीं एडिंबरो येथें जन्मला. १८३९ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांचा शिक्षक म्हणून तो मुंबईस आला. सातच वर्षांपूर्वीं बाळशास्त्री जांभेकरांनीं ज्या मुंबईंत ‘दर्पण’ सुरू केलें होतें, तीच ही मुंबई. येथें विद्येचा उदय होत होता खरा. पण गणित व पदार्थविज्ञान ह्यांतील सूक्ष्म प्रश्नांवर वाद घालावयास बरोबरीचा विद्वान येथें मिळणें कठीण होतें. नोकरींतून उरलेल्या वेळांत वॉटर्स्टन एकट्यानेंच वायूंच्या स्वरूपाचा विचार करीत बसे. त्या विचाराचें फळ म्हणजे एक विस्तृत निबंध. तो त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठविला. आरमारी नकाशाखात्याचे प्रमुख कॅप्टन बोफर्ट ह्यांच्यामार्फत तो सोसायटीपुढें आला. डिसेंबर १८४५ मध्यें त्याची पोंच झाली आणि ५ मार्च १८४६ रोजीं सभेंत त्याचें वाचन झालें.

निबंधाचा आशय सोप्या शब्दांत असा. बंद भांड्यांतील हवा म्हणजे असंख्य सूक्ष्म रेणूंचा समुदाय होय. ते रेणु मोठ्या वेगानें धांवतात, एकमेकांवर व भांड्याच्या भिंतींवर आदळतात आणि उसळून परत फिरतात. भिंतींवर होणाऱ्या ह्या आघातांसच आपण हवेचा दाब म्हणतों. आणि हवा तापविली असतां वाढतो तो ह्या रेणूंचा वेग. ह्याहूनही महत्त्वाचा एक सिद्धांत त्यांत होता. दोन निरनिराळे वायु एकत्र मिसळून समान उष्णतामानावर आले, म्हणजे जड रेणु मंद व हलके रेणु जलद धांवतात. आणि रेणूच्या वजनास वेगाच्या वर्गानें गुणून जी सरासरी येते, ती दोहोंची सारखीच भरते. आज महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास हें सर्व पाठ असतें. त्या काळीं मात्र उष्णता हा एक प्रकारचा सूक्ष्म प्रवाही पदार्थच आहे, असें मानणारे विद्वान पुष्कळ होते.

आतां सोसायटीची रीत पाहूं. तिचें ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हें नियतकालिक १६६५ सालीं तिचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग ह्यांनीं सुरू केलें. आरंभीं काय छापावें व काय न छापावें हें बव्हंशीं त्यांच्याच विचारानें ठरे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून, आलेला निबंध त्या विषयांतील जाणत्या सभासदांकडे धाडून त्यांचा लेखी अभिप्राय घेण्याची वहिवाट पडली. ही वहिवाट चांगलीच होती, व जगभरच्या विद्वत्सभांनीं ती पुढें उचलली. पण न्यायासन चांगलें असलें म्हणून प्रत्येक निवाडा चांगला होतोच असें नाहीं.

वॉटर्स्टनच्या निबंधावर दोन परीक्षकांनीं अभिप्राय दिले. सर जॉन लबक ह्या गणितज्ञांनीं तो निव्वळ अर्थशून्य ठरविला आणि सभेपुढें वाचण्याचीही त्याची योग्यता नाहीं असें लिहिलें. ऑक्सफर्ड येथील भूमितीचे अध्यापक बेडन पॉवेल ह्यांनीं भाषा सौम्य वापरली, परंतु ज्या तत्त्वावर निबंधाची उभारणी झाली आहे तें गणिती उपपत्तीस पुरेसा आधार नव्हे, असें मत दिलें. परिणाम असा झाला कीं, सोसायटीच्या कार्यवृत्तांत त्याचा लहानसा गोषवारा तेवढा आला आणि मूळ हस्तलिखित दप्तरांत पडलें.

येथेंच त्या बिचाऱ्याच्या दुर्दैवाची खरी गांठ आहे. सभेंत वाचला गेलेला निबंध सोसायटीच्या मालकीचा होई व लेखकास परत मिळत नसे. आणि वॉटर्स्टननें आपल्यापाशीं नक्कल ठेवलेली नव्हती! जॉन हेरापथ ह्या दुसऱ्या एका संशोधकानें असल्याच विषयावरील निबंध १८२० सालीं सोसायटीकडे पाठविला होता. तेथें विरोध दिसतांच त्यानें तो परत घेतला आणि १८२१ सालीं दुसऱ्या नियतकालिकांत छापविला. वॉटर्स्टनला तोही मार्ग उरला नाहीं.

काळ कोणासाठीं थांबत नाहीं. १८५६ त क्रोनिग, १८५७ त क्लाउझियुस व १८६० त मॅक्सवेल ह्यांनीं हाच विषय हातीं घेतला आणि यथायोग्य कीर्ति मिळविली. १८५७ च्या सुमारास वॉटर्स्टन नोकरी सोडून स्कॉटलंडास परत गेला. १८८३ च्या जून महिन्यांत एके दिवशीं तो घरांतून बाहेर पडला, तो परत आलाच नाहीं.

मध्यंतरीं १८५८ सालीं ध्वनीच्या उपपत्तीवर त्याचा एक लेख प्रसिद्ध झाला होता व त्यांत आपल्या जुन्या निबंधाचा उल्लेख त्यानें केला होता. पुढें लॉर्ड रॅले ह्यांच्या दृष्टीस तो उल्लेख पडला. ते स्वतः ध्वनिशास्त्राचे आचार्य, आणि त्या वेळीं सोसायटीचे चिटणीसही होते. त्यांनीं दप्तर धुंडाळून हस्तलिखित बाहेर काढलें व आपल्या प्रस्तावनेसह १८९२ सालीं ‘ट्रॅन्झॅक्शन्स’मध्यें छापविलें. निबंध सर्वस्वीं निर्दोष नव्हता. वायूंच्या विशिष्ट उष्णतेच्या हिशेबांत लेखकाची चूक झाली होती. तरीही तो वेळीं न छापल्यामुळें ह्या शास्त्राची वाढ बहुधा दहा-पंधरा वर्षें खोळंबली, असें रॅले ह्यांनीं मोकळ्या मनानें लिहून ठेविलें आहे.

ह्या प्रकरणांत दोष कोणाचा? परीक्षकांचा आहेच. जें आपणांस समजलें नाहीं तें अर्थशून्यच असलें पाहिजे, हा विद्वानांचा जुनाच अहंकार होय. परंतु रॅले ह्यांनीं लेखकाच्या बाजूचेंही एक उणें दाखविलें आहे, आणि तें आम्हांस अधिक बोधप्रद वाटतें. वायूच्या दाबाची ही कल्पना डॅनिएल बर्नूली ह्यांनीं १७३८ सालींच मांडली होती. वॉटर्स्टननें त्यांचा निर्देशच केला नाहीं. बहुधा ती त्याला ठाऊकच नसावी. आपण बर्नूलींचेंच काम पुढें नेत आहों असें तो म्हणता, तर त्यास अर्थशून्य म्हणण्यापूर्वीं परीक्षक क्षणभर थबकला असता. म्हणजे निबंधांत सत्य असणें एवढ्यानें भागत नाहीं. तें सत्य कोणत्या घराण्यांतलें, त्याचा वडील कोण, हेंही दारावरच सांगावें लागतें.

ह्याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशांत घडलें आहे. ४ जून १९२४ रोजीं डाक्का विश्वविद्यालयांतील सत्येंद्रनाथ बोस ह्यांनीं आपला इंग्रजी निबंध आइनस्टाइन ह्यांच्याकडे पत्रासोबत पाठविला. पत्र आटोपशीर होतें. प्लांक ह्यांच्या प्रसिद्ध नियमांतील कोणता भाग आपण जुन्या विद्युद्गतिशास्त्राचा आधार न घेतां सिद्ध केला आहे, हें त्यांनीं नेमकें सांगितलें आणि निबंध योग्य वाटल्यास छापण्याची व्यवस्था करावी अशी विनंति केली. आइनस्टाइन ह्यांनीं स्वतः त्याचें जर्मन भाषांतर केलें व ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजीक’ ह्या नियतकालिकांत त्याच वर्षीं तें छापून आलें. अवघीं चार पानें. पण त्यांनीं बोस ह्यांचें नांव शास्त्रांत कायमचें कोरलें. बोस हेही दूरच्या गांवचे व फारसे प्रसिद्ध नसलेलेच अध्यापक होते. त्यांच्या निबंधाच्या गुणास दोन गोष्टींची जोड मिळाली: लेखकानें आपली जागा स्पष्ट दाखविली, आणि वाचणारानें नांवगांव न पाहतां मजकूर पाहिला.

आज हस्तलिखित संगणकावरून क्षणांत परखंडांत जातें आणि नक्कल आपोआप मागें राहते. टपालाची व नकलेची अडचण अशी दूर झाली. बाकीची मात्र होती तेथेंच आहे. आमच्या तरुण संशोधकांस आम्ही एवढेंच सांगूं कीं, आपल्या आधीं कोण काय म्हणून गेलें हें निबंधाच्या पहिल्याच पानावर ऋणपूर्वक नमूद करावें, नवें काय तें नेमक्या शब्दांत सांगावें, आणि पाठविलेल्या प्रत्येक अक्षराची प्रत जवळ बाळगावी. आणि जे परीक्षकाच्या आसनावर बसतात त्यांस विनंति ही कीं, नापसंतीचा शेरा मारण्यापूर्वीं त्यांनीं वॉटर्स्टनचें स्मरण करावें. सोसायटीच्या दप्तरानें त्याचा निबंध जपला म्हणून तो अखेर वाचकांच्या हातीं आला. परंतु तोंवर लेखक जाऊन नऊ वर्षें लोटलीं होतीं, आणि तें नुकसान कोणत्याही दप्तरास भरून काढतां येत नाहीं.