निवृत्तीचा अभ्यास कधी करायचा?

कामगारांना निवृत्तीबद्दल शिकवायचं कधी? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं: शेवटच्या वर्षी. शाल-नारळाच्या आधी एक भाषण, चार फॉर्म आणि चहा. पण आपल्याकडच्या पेन्शनचा इतिहास पाहिला, तर तोवर पेपर सुटलेला असतो!

मंडळी, थोडं मागे जाऊ. पीएफचा कायदा आला 1952 साली. त्यात निवृत्तीला एकरकमी पैसे मिळायचे, पेन्शन नाही. 1971 च्या योजनेत पेन्शन आलं, पण ते नोकरीत असताना कामगार गेला तर त्याच्या कुटुंबाला. खुद्द कामगाराला दरमहा पेन्शन मिळायला 1995 उजाडलं. त्याचं सूत्र साधं: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. अट एकच, किमान 10 वर्षं नोकरी.

आता दोंडाईचा घ्या. मिरचीचा बाजार आणि 1973 साली स्थापन झालेली स्टार्च कंपनी, अशी ह्या गावाची ओळख. समजा, इथल्या एका फिटरने 1995 पासून 7 वर्षं एका कारखान्यात आणि पुढे 9 वर्षं दुसरीकडे काढून 2011 साली अठ्ठावन्न पूर्ण केली. पहिली नोकरी सोडताना, घरात लग्नकार्य म्हणून, पेन्शनचे पैसेही काढून घेतले. हातात उरली 9 वर्षं, म्हणजे पेन्शन शून्य. तेव्हाच पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतलं असतं तर 16 वर्षं धरली गेली असती. त्या वेळच्या 6500 रुपयांच्या कमाल पगारावर दरमहा सुमारे 1486 रुपये, जन्मभर. एका फॉर्मवरची एक खूण, बस्स.

हे शिकवणार कोण? रचना आपल्याकडे जुनीच आहे. केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ 1958 मध्ये स्थापन झालं, मुख्यालय नागपूरला होतं. पद्धत फार शहाणपणाची होती: शिक्षणाधिकारी निवडक कामगारांना तयार करणार आणि ते आपल्याच कारखान्यातल्या सोबत्यांना शिकवणार. निवृत्तीचा धडा असाच द्यायला हवा. साहेबाच्या भाषणातून नव्हे, शेजारच्या मशीनवरच्या माणसाकडून. आणि सत्तावन्नाव्या वर्षी नव्हे, नोकरी बदलताना.

दर दोन वर्षांनी कंपनी बदलणाऱ्या आपल्या आयटीवाल्यांनाही हाच धडा लागू आहे बरं का. 10 वर्षांची अट आपल्यालाही सुटलेली नाही. तेव्हा राजीनामा देताना पीएफ 'काढायचा' की 'ट्रान्सफर' करायचा, एवढं तरी विचारा. आणि घरी बाबा-काका नोकरीत असतील तर ह्या रविवारी त्यांची सगळी वर्षं एका खात्यात जमा दिसतात का, ते त्यांच्याबरोबर बसून बघा.