बार्बियानाची शाळा

‘नापास’ हा शब्द आपण नेहमीं मुलाच्या नांवापुढें लावतों. शाळेच्या नांवापुढें तो लावावा असें सहसा कोणास सुचत नाहीं. इटलींतील डोंगरावरच्या कांहीं शेतकरी मुलांनीं मात्र १९६७ सालीं तो शाळेच्या नांवापुढें लावून दाखविला. त्या मुलांची व त्यांच्या गुरूची हकीकत वाचकांपुढें थोडक्यांत मांडावी, असा आमचा मानस आहे.

लोरेन्झो मिलानी यांचा जन्म १९२३ सालीं फ्लॉरेन्स येथील एका सधन व विद्याव्यासंगी घराण्यांत झाला. १९४७ सालीं त्यांनीं पाद्र्याची दीक्षा घेतली, आणि कालेन्झानो गांवच्या चर्चमध्यें नेमणूक होतांच तेथील तरुण कामकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढली. त्यांचा सडेतोड स्वभाव वरिष्ठांस मानवला नाहीं. १९५४ च्या डिसेंबरांत त्यांची रवानगी मुजेल्लो भागांतील बार्बियाना या वस्तीवर झाली. तेथें रस्ता नव्हता, वीज नव्हती. एक चर्च आणि रानांत विखुरलेलीं घरें, एवढाच काय तो गांव. ही बदली म्हणजे एक प्रकारची हद्दपारीच होती.

वस्तीवरचीं मुलें प्राथमिक शाळा संपली कीं गुरांमागें जात. जीं पुढें शिकावयास जात, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या कपाळीं नापासाचा शिक्का बसे. अशा मुलांना मिलानींनीं आपल्या राहत्या घरांत जमविलें. शाळा सकाळपासून संध्याकाळपर्यंत चाले. रविवारची सुटीही नसे. वर्तमानपत्र मोठ्यानें वाचावयाचें, अडलेल्या शब्दापाशीं थांबावयाचें, थोरल्यानें धाकट्यास शिकवावयाचें, असा तेथील क्रम होता. ज्याला भाषा वश नाहीं तो इतरांच्या बरोबरीनें उभा राहूं शकत नाहीं, अशी मिलानींची दृढ श्रद्धा होती. भिंतीवर ‘आय केअर’ हे दोनच इंग्रजी शब्द लिहिलेले असत.

येथून पुढें शिक्षक होण्याच्या विद्यालयांत गेलेलीं मुलें परीक्षेंत नापास झालीं, तेव्हां शाळेनें रडगाणें गाइलें नाहीं; उत्तर लिहिलें. एकेक विचार चिठ्ठीवर टिपावयाचा, चिठ्ठ्या जुळवावयाच्या, फुकटचा शब्द गाळावयाचा, अशा रीतीनें आठ मुलांनीं मिळून ‘एका शिक्षिकेस पत्र’ हें पुस्तक सिद्ध केलें. इटलींत १९६२ च्या कायद्यानें चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना एकच माध्यमिक शाळा दिली होती. परंतु शाळेंतून गळलेल्या मुलांचे बाप कोण, याची या लेखकांनीं आंकडे मांडून मोजदाद केली, आणि वारंवार शेतकऱ्याचें व मजुराचेंच पोर मागें पडतें, हें उघड केलें. पुस्तक १९६७ च्या मे महिन्यांत निघालें. २६ जून रोजीं, वयाच्या ४४ व्या वर्षीं, मिलानी निवर्तले. त्यांच्यामागें शाळा फार काळ टिकली नाहीं.

पुस्तकांतील शिक्षिकेवर थोडा अन्याय झाला आहे, असें आम्हांस वाटतें. पन्नास मुलांच्या वर्गापुढें उभें राहणाऱ्यास मिलानींसारखा चोवीस तासांचा संन्यास कोठून साधणार? खेळ आणि सुटी यांस फांटा देणारी शाळा सर्वत्र चालेल, असेंही नाहीं. परंतु मुलांनीं सुचविलेले उपाय लक्षांत घेण्याजोगे आहेत: नापास करूं नये, मागें पडलेल्यास दिवसभराची शाळा द्यावी, आणि आळशी म्हटलेल्यास शिकण्याचें कांहीं प्रयोजन द्यावें.

आपल्याकडेंही २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें आठवीपर्यंत नापास करण्यास बंदी घातली. तिला ‘ढकलपास’ म्हणून हिणविण्यांत आलें, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें पांचवी व आठवींत मुलास मागें ठेवण्याची वाट पुन्हां मोकळी झाली. या वादांत दोन्ही पक्ष पहिल्याच उपायावर भांडतात. बार्बियानानें पहिला उपाय दुसऱ्यावांचून कधींच मागितला नव्हता. आपल्या घरचा मुलगा गणितांत अडला तर आपण त्यास शिकवणी लावतों, त्याला नापासाच्या हवालीं करीत नाहीं. ज्याच्या बापास शिकवणी परवडत नाहीं, त्याची शिकवणी शाळेनेंच व्हावें, एवढेंच त्या डोंगरावरील मुलांचें मागणें होतें. तें पुरविल्यावांचून मुलास वर ढकलणें काय किंवा मागें ठेवणें काय, दोहोंत फरक फारसा नाहीं.