गणतींतून सुटलेलें मूल

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी हें यंत्रमागांचें नगर. तेथील धामणकर नाक्यावर दिवसाच्या कोणत्याहि प्रहरीं उभें राहिलें तरी दोन गोष्टींची जाणीव झाल्यावांचून राहत नाहीं. एक, आसपासच्या गल्ल्यांतून येणारा मागांचा खडखडाट; आणि दुसरी, माणसांची न संपणारी ये-जा. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, ओडिशा अशा दूरदूरच्या प्रांतांतून विणकर येथें येतात. कांहीं वर्षभर राहतात, कांहीं हंगामापुरते. कोणी एकटे येतात, कोणी बायकामुलांसह. २०११ सालच्या शिरगणतींत या शहराची लोकसंख्या ७ लाखांहून अधिक भरली. परंतु जेथें माणूस आज आहे आणि उद्यां नाहीं, तेथें शिरगणतीचा आंकडा हा वाहत्या पाण्यावर टाकलेल्या खुणेसारखाच असतो.

२०२२ सालच्या हिंवाळ्यांत मुंबई, मालेगांव आणि भिवंडी येथें गोवराची सांथ पसरली. गोवराची लस कांहीं नवी नव्हती. राष्ट्रीय लसीकरणांत ती १९८५ सालापासून होती. तिची पहिली मात्रा मूल ९ महिन्यांचें झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, विनामूल्य दिली जात होती. मग ही सांथ आलीच कशी? महामारीच्या दोन वर्षांत नेहमींचें लसीकरण विस्कळित झालें, हें एक कारण खरेंच. पण त्याच्या मुळाशीं आणखी एक जुनें कारण होतें. गोवर हा अतिशय वेगानें पसरणारा रोग आहे. भोंवतालीं संरक्षण नसलेलीं मुलें असलीं तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना त्याची लागण होऊं शकते. म्हणून वस्तींतील १०० मुलांपैकीं सुमारें ९५ मुलें सुरक्षित झाल्याविना या रोगास पायबंद बसत नाहीं. येथेंच खरी अडचण उभी राहते. हीं १०० मुलें कोणतीं? ज्यांचीं नांवें आरोग्यसेविकेच्या वहींत आहेत तीं, कीं ज्यांचें रडणें त्या गल्लींत प्रत्यक्ष ऐकूं येतें तीं? मागच्याच महिन्यांत आईच्या कडेवर बसून रेल्वेनें आलेलें मूल वहींत नसतें. रोगाला मात्र तें बरोबर सांपडतें.

मुलांच्या आरोग्याविषयींच्या संशोधनाचा महाराष्ट्रांतील इतिहास पाहूं गेल्यास त्याच्या आरंभींच हा प्रश्न उभा असलेला दिसतो. त्यासाठीं शंभर वर्षें मागें, मुंबईच्या गिरणगांवांत गेलें पाहिजे.

१९२१ सालीं मुंबई शहरांत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागें ६६० हून अधिक अर्भकें वर्षाच्या आंत दगावल्याची नोंद झाली. हजारांतील दोन-तृतीयांश मुलें पहिला वाढदिवसहि पाहत नाहींत, हें वाचून त्या काळचे लोक हादरून गेले. नगरपालिकेच्या आरोग्यखात्यानें या मृत्यूंची घरांतील खोल्यांप्रमाणें विभागणी केली, तेव्हां निराळेंच चित्र दिसूं लागलें. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत हें प्रमाण हजारीं ८२८ होतें. दोन खोल्यांच्या घरांत ३२२. तीन खोल्यांच्या घरांत १९१. आणि चार वा अधिक खोल्या असणाऱ्यांकडे १३३. शहर एक, हवा एक, पाणीहि बहुधा एकाच नळाचें. परंतु भिंतींची संख्या बदलली कीं पाळण्याचें भवितव्य बदलत होतें.

तथापि या आंकड्यांवर एक आक्षेप त्या काळींच घेतला गेला, आणि तो रास्त होता. गिरणींत काम करणारें कुटुंब बहुधा रत्नागिरीकडचें किंवा घाटावरचें. बाळंतपणासाठीं बाई माहेरीं जाई. मुलाचा जन्म कोंकणांतील एखाद्या वाडींत होई. तीन-चार महिन्यांनीं आई त्याला घेऊन चाळींत परत येई. आणि तें दगावलें तर मृत्यूची नोंद मुंबईंत होई. समजा, एका चाळींत १०० मुलांचे जन्म नोंदले गेले आणि ५० मुलें गांवाहून आलीं. या १५० मुलांपैकीं ३० दगावलीं. खरें प्रमाण हजारीं २०० झालें. पण वहींत जन्म केवळ १०० असल्यामुळें तें हजारीं ३०० दिसेल. भागाकार चुकला नाहीं, भाजक चुकला. शिवाय गांवीं जाण्याची ही रीत एका खोलींत राहणाऱ्या श्रमिकांमध्येंच अधिक, म्हणून त्यांचा आंकडा सर्वांत अधिक फुगणार. तेव्हां ८२८ हा आंकडा अक्षरशः खरा मानतां येत नाहीं. परंतु कितीहि वजावट केली तरी त्या एका खोलींतील दुःख नाहींसें होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

वजावट करून उरलेल्या दुःखाचें कारण काय, हें केवळ नोंदवहींतून कळणारें नव्हतें. त्यासाठीं कोणीतरी चाळीचे जिने चढावयास हवे होते. मुंबई सरकारनें गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करण्याचें काम डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडे सोंपविलें. त्यांचा वृत्तान्त १९२२ सालच्या सप्टेंबरांत ‘लेबर गॅझेट’मध्यें प्रसिद्ध झाला. गिरणींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या अर्भकांपैकीं ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जाते, असें त्यांत नमूद होतें. बाजारांत ‘बाळगोळी’ या गोजिरवाण्या नांवानें मिळणाऱ्या गोळींत अफू असे. सकाळीं आई ती बाळाला चाटवी आणि कामावर जाई. बाळ निपचित पडून राही.

हें वाचून त्या आईला दोष देण्याचा मोह कोणासहि होईल. पण त्या सालच्या कारखाने-कायद्याकडे पाहिलें म्हणजे तो मोह आवरतो. १९२२ च्या त्या कायद्यानें प्रौढ कामगारांचे तास दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० असे मर्यादित केले. म्हणजे ही सुधारणा होती! ज्या आईला इतके तास मागापाशीं काढावयाचे, घरांत जाणतें माणूस नाहीं, आणि एक दिवस खाडा झाला तर चूल पेटण्याची भ्रांत, तिनें रडणाऱ्या बाळाचें काय करावें? ती त्याला मारीत नव्हती. तें सुखानें झोपावें एवढेंच ती पाहत होती. अफूनें बाळाची भूक मंदावते, दूध तुटतें, श्वास क्षीण होतो, आणि मग साधा खोकला वा हगवणहि त्याला पुरते. मृत्यूच्या दाखल्यावर खोकल्याचें नांव येई. बाळगोळीचें येत नसे, आणि अकरा तासांचें तर नाहींच नाहीं.

या चौकशीचें फळ मिळावयास कांहीं वर्षें लागलीं. गिरणींतील स्त्रियांना बाळंतपणासाठीं भत्त्यासह विश्रांति मिळावी, असें विधेयक मुंबईच्या कायदेमंडळांत आलें. १९२८ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं त्यास पाठिंबा दिला. प्रसूतीच्या काळांत मातेस विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ सालीं तो कायदा झाला. जी गोष्ट प्रथम एका वहींतील विचित्र आंकडा म्हणून दिसली, ती जिने चढणाऱ्या डॉक्टरांच्या पाहणींतून जाऊन अखेर कायद्याच्या कलमांत उतरली.

पुढें सहा दशकांनीं हेंच काम महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोंकास, गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत, अधिक कसोशीनें झालें. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ च्या सुमारास तेथें ‘सर्च’ ही संस्था उभारली. खेड्यांतील मुलांच्या मृत्यूंत न्यूमोनियाचा वांटा मोठा आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. न्यूमोनिया ओळखण्याची सोपी खूण म्हणजे श्वासाची गति. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक, आणि त्याहून मोठ्या अर्भकाचे ५० किंवा अधिक झाले, तर तो धोक्याचा इशारा. पण गांवांतील दाईला साठपर्यंत सलग मोजतां येत नसे, आणि तिच्यापाशीं घड्याळहि नसे.

तेव्हां त्यांनीं एक साधें साधन तयार केलें: एका मिनिटांत रिती होणारी वाळूची घटिका, आणि तिच्याजवळ मण्यांच्या दोन ओळी. एका ओळींत पांच हिरवे मणी व एक तांबडा. दुसरींत चार हिरवे व एक तांबडा. दाईनें दहा श्वास मोजावे आणि एक मणी सरकवावा. वाळू संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला, कीं औषध सुरू करावें. जिला लिहितांवाचतां येत नव्हतें, तिच्या हातीं विज्ञानाचें मोजमाप आलें. १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांत न्यूमोनिया झालेल्या मुलांपैकीं १३.५ टक्के दगावत होतीं. उपचाराच्या गांवांत तें प्रमाण ०.८ टक्के झालें.

तरीहि कांहीं मृत्यू उरलेच. ते बहुतेक जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांतले होते. हीं बाळें कोणाच्याच दृष्टीस पडत नसत. बाळंतिणीची खोली अंधारी, दार लोटलेलें, आणि बाराव्या दिवशीं नांव ठेवण्यापूर्वींच जें गेलें त्याची नोंद कोणी व कोठें करावी? सर्चनें ३९ गांवांत स्थानिक स्त्रियांना शिकवून ‘आरोग्यदूत’ म्हणून त्या खोलींत पाठविलें. बाळाचें वजन करणें, त्याला ऊब देणें, श्वास कोंडल्यास तो सुरू करणें, जंतुदोषाचीं लक्षणें ओळखून प्रतिजैविकाची सुई देणें, हें सर्व त्या करूं लागल्या. तुलनेसाठीं ४७ गांवें होतीं. १९९९ सालच्या डिसेंबरांत प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: तुलनेच्या गांवांच्या मानानें नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनीं घटले, जंतुदोष झालेल्या नवजातांपैकीं पूर्वीं १६.६ टक्के दगावत, तें प्रमाण २.८ टक्क्यांवर आलें. २०११ सालापासून भारत सरकारनें ‘आशा’ कार्यकर्तींच्या घरभेटींच्या रूपानें ही पद्धत देशभर स्वीकारली.

येथें एखादा चिकित्सक विचारील, कीं हें मोजणें-नोंदणें म्हणजे का संशोधन? संशोधन तर प्रयोगशाळेंत, अणुरेणूंच्या पातळीवर चालतें. अशा शंकेखोरानें पुणें विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांत घडलेली एक गोष्ट जाणून घ्यावी. रेणूचे गुणधर्म क्वांटम सिद्धांताच्या गणितानें संगणकावर काढतां येतात. औषधाचा रेणू कोठें चिकटेल, कोठें विद्युद्भार अधिक आहे, याचा अंदाज त्यावरून बांधतां येतो. पण रेणू दुपटीनें मोठा झाला कीं या गणिताचें ओझें आठपट-सोळापट वाढतें, आणि मोठे रेणू आंवाक्याबाहेर जातात. प्रा. श्रीधर गद्रे आणि त्यांचे सहकारी यांनीं १९९४ सालीं एक युक्ति मांडली, आणि तिला शिंपीकामावरून नांव दिलें. मोठ्या रेणूचे, कडा एकमेकांवर येतील असे, तुकडे बेतावे. प्रत्येक तुकड्याचें गणित वेगळें करावें. आणि मग ते पुन्हां जोडून अखंड रेणूचें चित्र मिळवावें. ही पद्धत पुढें विकसित होत गेली तेव्हां जोडणीचा नियमहि निश्चित झाला. जो भाग दोन तुकड्यांत आला तो एकदां वजा करावयाचा. वजावट अधिक झाली तर तेवढी परत मिळवावयाची. सारांश, एकहि अणु सुटतां कामा नये आणि एकहि दोनदां मोजला जातां कामा नये.

गिरणगांवच्या आंकड्यांत जी चूक शिरली होती ती याहून वेगळी होती काय? रत्नागिरींत जन्मलेलें मूल मुंबईच्या जन्मवहींतून सुटलें, पण मृत्यूच्या वहींत आलें. तुकडे नीट जोडले गेले नाहींत, एवढाच त्याचा अर्थ. फरक इतकाच कीं रेणूच्या गणितांत चूक झाली तर उत्तर चुकतें. आणि वस्तीच्या गणितांत चूक झाली तर पाळणा रिकामा होतो.

२०२२ सालच्या त्या सांथींत सरकारी यंत्रणेस अखेर हाच धडा गिरवावा लागला. गोवराच्या क्षेत्रांत घरोघर पाहणी करण्यांत आली. ९ महिने ते ५ वर्षें वयाच्या मुलांना, पूर्वींची नोंद असो वा नसो, एक जादा मात्रा द्यावी, असा केंद्र सरकारनें राज्यांस सल्ला दिला; आणि जेथें ९ महिन्यांखालील मुलांनाहि मोठ्या प्रमाणावर लागण होत होती, तेथें ६ महिन्यांपासूनच्या बाळांनाहि एक मात्रा द्यावी, असें सुचविलें. या निर्णयांतील शहाणपण पाहण्यासारखें आहे. मुलाचें कार्ड कोठें आहे, हें त्यानें विचारलें नाहीं. मूल कोठें आहे, एवढेंच विचारलें.

भिवंडीच्या मागांवर आज जें कापड निघतें, त्याचें नातें मुंबईच्या त्या जुन्या गिरण्यांशीं आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मंदावल्या आणि यंत्रमागांचा पसारा वाढला. रत्नागिरीच्या जागीं दूरचे जिल्हे आले. बाळंतपणासाठीं माहेरीं जाण्याची रीत मात्र तीच राहिली. बाळाचा जन्म एका प्रांतांतील वहींत, लसीची पहिली मात्रा कदाचित् दुसऱ्या प्रांतांतील वहींत, आणि ताप येतो तो धामणकर नाक्यामागच्या खोलींत. या तीन वह्या जोडणारें शिंपीकाम कोणत्याहि यंत्राहून अवघड आहे. सध्यां तरी तें करते ती दुपारच्या उन्हांत, मागांच्या आवाजांतून वाट काढीत, दारोदार ‘घरांत लहान मूल आहे का?’ असें विचारीत जाणारी आशा कार्यकर्ती. तिच्या या साध्या प्रश्नापासूनच बालआरोग्याचें सारें शास्त्र सुरू होतें.