उंचीवरील बांधकाम आणि कामगारांची सुरक्षा : गोल्डन गेट पुलाच्या जाळीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

बांधकामाच्या इतिहासात वास्तूची उंची, खर्च आणि अभियंत्याचे नाव यांची नोंद आवर्जून केली जाते. ती वास्तू उभारताना उंचावरून पडून मृत्यू पावलेल्या मजुरांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील लोहमार्ग बांधताना मजुरांना दोराने कड्यावरून खाली सोडून सुरुंगासाठी खडकात भोके पाडून घेतली जात. एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर या कामावर होते आणि रोगराई व अपघात यांत त्यांतील हजारो दगावले. पडणे हा मजुराच्या नशिबाचा भाग मानला जाण्याचा तो काळ होता. हा समज बदलण्यास अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पुलाच्या बांधकामाने मोठा हातभार लावला. प्रस्तुत निबंधात या प्रयोगाचा आणि त्याच्या मर्यादांचा विचार करून भारतीय कायद्याच्या संदर्भात त्याचे महत्त्व तपासले आहे.

पार्श्वभूमी :

गोल्डन गेट पुलाचे बांधकाम ५ जानेवारी १९३३ रोजी सुरू झाले. तो महामंदीचा काळ होता. कामावरील एक माणूस कमी झाला, तर त्याची जागा घेण्यास अनेक बेकार तयार असत. साहजिकच धोकादायक काम नाकारण्याचे धाडस कामगाराला होत नसे. त्या काळात मोठ्या पुलांच्या बाबतीत दर दहा लाख डॉलर खर्चामागे एक मृत्यू असा आडाखा बांधला जात असे. या पुलाचा खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर होता. म्हणजे सुमारे पस्तीस मृत्यू काम सुरू होण्यापूर्वीच जणू हिशेबात धरलेले होते. मृत्यूकडे खर्चाची एक बाब म्हणून पाहण्याची ही दृष्टी लक्षात घेतल्याशिवाय पुढील प्रयोगाचे महत्त्व कळत नाही.

सुरक्षेची योजना :

मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी हा आडाखा मान्य केला नाही. कामगारांना कठीण शिरस्त्राण वापरणे सक्तीचे करण्यात आले, कमरेला दोर बांधण्याची व्यवस्था झाली आणि उंचीवर थिल्लरपणा करणाऱ्यास कामावरून काढून टाकण्याचा नियम झाला. परंतु हे सर्व उपाय शेवटी कामगाराच्या सावधपणावर अवलंबून होते. सर्वात मूलगामी उपाय होता तो पुलाखाली बांधलेल्या जाळीचा. पाण्यापासून सुमारे २२० फूट उंचीवर रस्त्याच्या पोलादी चौकटीचे काम चालू असताना तिच्याखाली मनिला दोराची जाळी पसरण्यात आली. ती पुलाच्या दोन्ही बाजूंना सुमारे दहा फूट बाहेर येत असे आणि काम पुढे सरकेल तशी पुढे नेली जाई. तिच्यासाठी सुमारे एक लाख तीस हजार डॉलर खर्च आला. एकूण खर्चाच्या तुलनेत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते.

या जाळीने एकोणीस कामगारांचे प्राण वाचवले. या कामगारांनी स्वतःच्या गटाला विनोदाने ‘नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांचे मंडळ’ अशा अर्थाचे नाव दिले. पाय घसरणे ही चूक कोणत्याही कुशल माणसाच्या हातून होऊ शकते. त्या चुकीची किंमत प्राण असू नये, हे तत्त्व जाळीने प्रत्यक्षात आणले. सुमारे पावणेचार वर्षे या बांधकामावर एकही मृत्यू झाला नाही. पहिला मृत्यू २१ ऑक्टोबर १९३६ रोजी झाला.

जाळीची मर्यादा :

१७ फेब्रुवारी १९३७ रोजी रस्त्याच्या तळाखालील सेंट्रिंगच्या फळ्या काढण्याचे काम चालू होते. त्यासाठी टांगलेल्या मंचाचा आधार सुटला आणि कित्येक टन वजनाचा तो मंच कामगारांसह जाळीवर कोसळला. जाळी फाटली. पाण्यात पडलेल्या बारा जणांपैकी दहा जण मृत्यू पावले. जाळी माणसाचे वजन पेलण्यासाठी होती, मंचाचे नव्हे. एका उपायावर विसंबून राहता येत नाही. मंच, त्याचे आधार आणि जाळी या प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी आवश्यक असते, हा या दुर्घटनेचा धडा होय. पूल २७ मे १९३७ रोजी खुला झाला, तेव्हा एकूण मृतांची संख्या अकरा होती.

भारतीय संदर्भ :

भारतात कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये झाला. बांधकाम कामगारांच्या सेवाशर्ती व सुरक्षेसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा मात्र १९९६ मध्ये आला. पडल्यानंतरच्या भरपाईचा विचार आधी आणि पडू नये याचा विचार त्र्याहत्तर वर्षांनंतर, असा हा क्रम आहे. १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांची, सुरक्षा पट्टा व जाळी यांविषयी तरतुदी करण्यात आल्या. महाराष्ट्राचे नियम २००७ मध्ये आले. १९९६ च्या कायद्यातील तरतुदी पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. तथापि १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरताच होता. मजूर अड्ड्यावरून रोजंदारीवर नेलेला, दोन मजली घराच्या बांबूच्या परांचीवर चढणारा गिलावा कारागीर अनेकदा त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. तसेच बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर आकारण्याची तरतूद झाली. पण तो निधी कामगारांच्या कल्याणासाठी होता. प्रत्यक्ष कामावरील जाळीचा खर्च ठेकेदाराच्या हिशेबावरच अवलंबून राहिला.

निष्कर्ष :

१. उंचावरून पडणे हा केवळ कामगाराच्या निष्काळजीपणाचा परिणाम नसून बहुतांशी नियोजनातील उणिवेचा परिणाम असतो.

२. मृत्यूचे जे प्रमाण अटळ मानले जात होते, ते अल्प खर्चात कमी करता येते, हे १९३७ पूर्वीच सिद्ध झाले होते.

३. सुरक्षेचा खर्च निविदेतच स्वतंत्र बाब म्हणून दाखवला गेला, तरच कमी दराच्या स्पर्धेत तो प्रथम छाटला जाणार नाही.

गोल्डन गेटची जाळी काम संपताच काढून घेण्यात आली. पुलाच्या इतिहासात मात्र तिचे स्थान त्याच्या मनोऱ्यांइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे.