नटाचे वस्तुरूप : मराठी रंगभूमीवरील एका संकेताविषयी

विनोदी नटाला ऐनवेळी ‘खुर्ची व्हा’, ‘कपाट व्हा’ असे सांगावे आणि त्याने ते होऊन दाखवावे, हा प्रकार दूरचित्रवाणीच्या खेळांमुळे परिचित झाला आहे. ब्रिटनमध्ये ‘हूज लाइन इज इट एनीवे?’ हा उत्स्फूर्त अभिनयाचा कार्यक्रम १९८८ साली नभोवाणीवरून दूरचित्रवाणीवर आला, आणि अशा खेळांना नवा प्रेक्षकवर्ग लाभला. ठाण्याच्या घोडबंदर-कोलशेत पट्ट्यात राहणाऱ्या मराठी प्रेक्षकालाही ही करमणूक आता घरबसल्या मिळते, व ती परकी वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तिच्यामागील संकेत मराठी रंगभूमीला नवा नाही.

प्रथम भाषेचाच विचार करावा. मराठीत खुर्चीला पाय, हात आणि पाठ असते. खाटेला तर खूरही असतात. ‘खुर्ची’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला, परंतु तिचे अवयव मराठीने आपल्या शरीरावरून बेतले. म्हणून नट ओणवा होऊन खुर्ची होतो तेव्हा तो भाषेतील जुनेच रूपक उलट्या दिशेने चालवीत असतो. हसू येते ते मात्र वस्तूला वाचा फुटल्यावर. बसणाऱ्याचे वजन सोसवत नसल्याची तक्रार खुर्चीनेच केली, की साधे सोंग विनोदाला पोचते.

सिंधुदुर्गातील दशावतारात याची उलट बाजू दिसते. तेथे रंगस्थळी सामान म्हणजे बहुधा एक लाकडी बाकडे. राजा बसला की ते सिंहासन. आख्यानाचा आराखडा ठरलेला असतो. संवाद नट जागच्या जागी रचतात. तमाशाच्या वगातही एका फेरीत गावे ओलांडली जातात, आणि सोंगाड्याची हजरजबाबी वृत्ती त्या मोकळ्या जागेवरच पोसली आहे. दोन्हीकडे वस्तू अथवा स्थळ सिद्ध होते ते उच्चाराने : ‘हा वाडा’, ‘ही नदी’ असे म्हटले की पुरे. दर्शक सर्वनामाचे एवढे सामर्थ्य व्याकरणाच्या पुस्तकांत क्वचितच नोंदलेले आढळेल.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये हा संकेत गंभीर झाला. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला त्याचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची. ब्राह्मणांची डोलणारी ओळ प्रेक्षकांकडे तोंड करून असेपर्यंत गाणारा समुदाय असते. तिने पाठ फिरवली की भिंत. भिंतीलाही कान असतात, असे आपण म्हणतो. या भिंतीला तर डोळेही आहेत, आणि नानांचे चाळे झाकण्यासाठीच ती उभी राहते. याच नाटकात नाचता नाचता नानांचा पाय दुखावतो, तेव्हा घाशीराम वाकून तो पाय आपल्या अंगावर पेलतो. क्षणभर तो निव्वळ चौरंग होतो. कोतवालीकडे जाणारी त्याची वाट तेथूनच सुरू होते.

येथे सुधारणा नाही, तालीम आहे, हा भेद विसरता कामा नये. परंतु अधिक महत्त्वाचा भेद दुसरा. दशावतारात वस्तूचे नाव उच्चारावे लागते. ‘घाशीराम’मधील ओळीला आपण भिंत आहोत असे सांगावे लागत नाही. ती केवळ वळते.