कार्ताहेनाचा तट

दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत, कॅरिबियन समुद्राच्या कांठीं, कार्ताहेना नांवाचें जुनें बंदर आहे. तेथें जाणारा प्रवासी बोकाग्रांदे नामक चिंचोळ्या भूशिरावर समुद्रस्नान करतो आणि सायंकाळीं शहराच्या तटावर फिरावयास जातो. या तटाचें मूळ त्या वाळूंतच आहे, हें मात्र त्याच्या सहसा ध्यानीं येत नाहीं.

पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदारानें १५३३ सालीं हें शहर वसविलें. अमेरिकेंतील सोनें-रुपें नेणाऱ्या स्पॅनिश जहाजांचा येथें मुक्काम पडे. म्हणून चांच्यांची दृष्टि तिकडे वळली. १५८६ सालीं इंग्रज दर्यावर्दी ड्रेक याचे शिपाई रात्रीं याच भूशिरावर उतरले आणि पाण्याच्या कडेकडेनें शहरांत शिरले. अनेक घरें जाळून, १,०७,००० डकॅटांची खंडणी घेऊन मगच ड्रेकनें पाय काढला. त्यानंतर स्पेनच्या राजानें भक्कम तटबंदीचें काम हातीं घेतलें.

१७४१ सालीं तिची कसोटी लागली. इंग्रज सेनापति व्हर्नन सुमारें १८० जहाजें घेऊन आला. विजय गृहीत धरून इंग्लंडांत पदकेंहि पाडण्यांत आलीं! परंतु एक पाय व एक डोळा गमावलेल्या ब्लास दे लेसोनें शहर झुंजविलें, पीतज्वरानें इंग्रजांचें सैन्य खंगलें, आणि व्हर्नन हात हालवीत परतला.

या विजयाचे पोवाडे पुष्कळ झाले. पण तटाचे दगड वाहिले कोणीं? आफ्रिकेंतून बांधून आणलेल्या गुलामांनीं. त्यांच्या विक्रीची ही मोठी पेठ होती. पेद्रो क्लावेर या पाद्र्यानें १६५४ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांच्या शुश्रूषेंत आयुष्य वेंचलें. बेंकोस बिओहो हा गुलाम तर रानांत पळाला व त्यानें पळालेल्यांची स्वतंत्र वस्ती उभारली; १६२१ सालीं त्याला देहान्त शिक्षा झाली. त्या परंपरेंतील सान बासिलिओ दे पालेंके हें गांव आजहि नांदतें आहे, आणि तेथें लोकांची स्वतःची निराळी भाषा आहे.

११ नोव्हेंबर १८११ रोजीं कार्ताहेनानेंहि स्पेनपासून स्वातंत्र्य पुकारलें. १८१५ सालीं स्पॅनिश सेनापति मोरिल्यो यानें वेढा घातला. तट ढांसळला नाहीं. आंत हजारों माणसें उपासमारीनें मेलीं आणि शहर पडलें.

१९८४ पासून हें तटबंद शहर जागतिक वारसा मानलें जातें. प्रवाशानें तेथील वाळूवर अवश्य विसावावें, तटहि पाहावा. परंतु पालेंकेची वाट चुकवूं नये. शहरानें स्वातंत्र्य पुकारण्यापूर्वीं दोनशें वर्षें, तें रानांत पळालेल्या गुलामांनीं मिळविलें होतें.